बाटलीतले बुडबुडे

अपुऱ्या दिवसांचं बाळ म्हटलं की आपल्याला लगेच काचेची पेटी आठवते, पण सातव्या महिन्यात झालेल्या बाळाची पहिली झटापट बऱ्याचदा श्वासाशीच असते. फुफ्फुसात हवेच्या अगदी बारीक पिशव्या असतात, त्यांना आतून सर्फॅक्टंट नावाचा साबणासारखा थर लागतो, तो या बाळांमध्ये पुरेसा तयारच झालेला नसतो, त्यामुळे श्वास सोडला की पिशव्या चिकटून बसतात आणि पुढचा श्वास म्हणजे कोरा फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात ना, तसला जोर. तोही मिनिटाला साठ-सत्तर वेळा! दमणारच की ते.

मग करायचं काय, तर फुगा पूर्ण रिकामा होऊच द्यायचा नाही. नाकावाटे सतत थोड्या प्रेशरने हवा द्यायची, याला सीपॅप म्हणतात. आता प्रेशर मोजायला महागडा सेन्सर लागेल असं वाटतं, पण बबल सीपॅपमध्ये बाळाकडून येणाऱ्या नळीचं टोक सरळ पाण्याच्या बाटलीत बुडवतात, बस्स. टोक 6 सेंटिमीटर खोल असलं की तेवढं पाणी ढकलल्याशिवाय हवा बाहेर पडत नाही, म्हणजे प्रेशर 6 सेंटिमीटर पाण्याइतकं. वाढवायचंय? नळी अजून खाली. यात बिघडणार काय, सांगा बरं!

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या पोरांनी तर हवेसाठी चक्क फिश टँकचे पंप वापरून पहिलं मॉडेल बनवलं. तेच पुढे 'पुमानी' झालं, आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या चिचेवा भाषेत अर्थ साधारण 'निवांत श्वास घ्या'. तिथल्या ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमधला अभ्यास 2014 मध्ये छापून आला, त्यात श्वासाचा गंभीर त्रास असलेल्या बाळांपैकी नुसत्या ऑक्सिजनवरची 44 टक्के जगली आणि बबल सीपॅपवरची 71 टक्के. अभ्यास छोटाच, 87 बाळांचा, आणि मशीन मोकळं असेल त्याला सीपॅप, नाहीतर ऑक्सिजन, अशी वाटणी, त्यामुळे आकडा अगदी दगडावरची रेघ समजू नका, पण फरक दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

स्वस्त मशीन आलं म्हणून नर्सचं काम मात्र कमी होत नाही. नाकातल्या नळ्या योग्य मापाच्या हव्यात, डोक्यावरच्या टोपीला नीट बांधलेल्या हव्यात, बाळ गार पडलं तर सीपॅप एकटं काय करणार. पण या बाटलीचा मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे तिचा आवाज. बुडबुड चालू आहे तोवर प्रेशर आहे. आवाज थांबला की नर्स आधी बाळाच्या नाकाकडे बघते, बहुतेक नळी निसटलेली असते, नाहीतर तोंड उघडं असतं.