मुलांशी खेळताना मन कामावर राहते तेव्हा

संध्याकाळी साडेसातला घरात पाऊल टाकलेल्या आईला किंवा बाबाला तीन वर्षांचे मूल बोट धरून फरशीवर मांडलेल्या ठोकळ्यांकडे ओढत नेते आणि पुढची वीस मिनिटे दोघे शेजारी शेजारी बसलेले दिसतात. परंतु त्या वीस मिनिटांपैकी किती वेळ मोठ्या माणसाचे मनही ठोकळ्यांपाशी होते, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही. मुलाला मात्र ते नेमके कळते. नोकरी करणारे पालक ‘मुलांना किती वेळ द्यावा’ या प्रश्नाने झुरत असतात. मला वाटते, मिळालेला वेळ किती सलग आहे, हे त्याआधी पाहायला हवे.

जेसा रीड, कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिंकॉफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात फार बोलका आहे. त्यांनी दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या ३८ मातांना सांगितले, की मुलाला दोन नवी क्रियापदे शिकवा. शब्द मुद्दाम बनवलेले होते: ‘ब्लिकिंग’ म्हणजे उसळणे आणि ‘फ्रेपिंग’ म्हणजे हलवणे. एक शब्द शिकवताना कोणताही अडथळा आला नाही. दुसरा शिकवताना मध्येच आईचा मोबाइल वाजला, तिने तो घेतला आणि बोलणे संपल्यावर शिकवणे पुढे चालू केले. दोन्ही शब्द मुलांच्या कानांवर सारख्याच वेळा पडले होते. तरीही अडथळ्याविना शिकवलेला शब्द मुलांना आला आणि फोनने तोडलेला शब्द आला नाही. तुटलेला वेळ जोडून त्याची बेरीज केली, तरी तो सलग वेळेइतका भरत नाही, असेच हा प्रयोग सांगतो.

याचे कारण खेळाच्या घडणीतच आहे. आपल्याकडचा ‘आपडी थापडी’ किंवा पदराआडून डोकावण्याचा ‘बुवा-कुक’ आठवून पाहा. मूल हात पुढे करते, मोठे माणूस त्यावर थाप मारते, मूल क्षणभर वाट पाहते, पुढे काय होणार याचा अंदाज बांधते आणि तो खरा ठरला की खिदळते. हार्वर्ड विद्यापीठातील बालविकास केंद्र या देवाणघेवाणीला चेंडू टोलवण्या-परतवण्याची उपमा देते, आणि मेंदूच्या पेशींमधली जोडणी पक्की होण्यासाठी ती मूलभूत मानते. आपल्या आज्या ज्या खेळांत नातवंडांना मांडीवर रमवत आल्या, त्यांत हीच देवाणघेवाण मुरलेली आहे. चेंडू परत आला नाही तर काय होते, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘निश्चल चेहरा’ प्रयोगात दिसले: हसतखेळत असलेली आई काही मिनिटांसाठी निर्विकार झाली, की तान्हे बाळ आधी तिला बोलते करण्याची खटपट करते आणि नंतर तोंड फिरवते. पालकांनी धास्ती मात्र घेऊ नये, कारण ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणानुसार आई-बाळाचे सूर सर्वसाधारण संवादातही सुमारे ३० टक्के वेळच जुळलेले असतात. बिघडलेला सूर पुन्हा जुळवता येणे महत्त्वाचे असते.

आता मोठ्यांच्या मेंदूकडे वळू. कामाच्या ठिकाणच्या वर्तनाच्या अभ्यासक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलेल्या माणसाचे काही लक्ष पहिल्याच कामात रेंगाळते आणि दुसरे काम त्यामुळे कमी दर्जाचे होते. कार्यालयातून आल्याआल्या खेळायला बसणाऱ्या पालकाची अडचण नेमकी हीच असते. त्याच्या मायेत काही उणे नसते. लरॉय आणि थेरेसा ग्लोम्ब यांनी २०१८ मध्ये यावर एक साधा उपाय तपासला: काम थांबवताना आपण कुठे पोचलो आहोत आणि परतल्यावर आधी काय करायचे आहे, हे थोडक्यात लिहून ठेवावे. असे केल्याने मन पुढच्या कामासाठी बरेच मोकळे होते. लोकलमध्ये वा बसमध्ये बसल्या बसल्या या चार ओळी लिहिता येतात.

वेळेच्या एकूण बेरजेबद्दलही दिलासा देणारा एक अभ्यास आहे. मेलिसा मिल्की आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकी कुटुंबांची माहिती तपासली, तेव्हा तीन ते अकरा वर्षांच्या मुलांसोबत आईने घालवलेले तास आणि मुलांचे वर्तन, भावना वा अभ्यास यांच्यात ठळक संबंध आढळला नाही. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत मात्र सोबत घालवलेल्या वेळेचा काही उपयोग दिसला. वेळ दिला नाही तरी चालते, असा याचा अर्थ काढणे चुकीचे होईल. पण तासांच्या हिशेबाने आईने स्वतःला दोषी ठरवावे, याला या अभ्यासात आधार नाही.

बाबांविषयी वेगळे सांगायला हवे. रूथ फेल्डमन यांच्या गटाने २०१० मध्ये पहिल्यांदाच पालक झालेल्या ८० जोडप्यांमध्ये माया-जवळिकीशी जोडल्या जाणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे प्रमाण मोजले, तेव्हा ते वडिलांमध्येही आईइतकेच आढळले. आईमध्ये त्याचा संबंध कुरवाळण्या-बोलण्याशी होता, तर वडिलांमध्ये बाळाला उचलून, हलवून, वस्तू दाखवून खेळवण्याशी होता. म्हणजे खेळवणारा बाप हा आईचा बदली कामगार नव्हे, त्याच्या शरीराचीही त्यासाठी तयारी असते.

भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर ते करणारे पुरुष ८८ मिनिटे. कुकरच्या शिट्ट्या मोजत, कणकेने माखलेल्या हातांनी ‘हो हो, बघते हं’ म्हणणाऱ्या आईचा खेळ फोन न वाजताही दर दोन मिनिटांनी तुटत असतो. ती वीस मिनिटे सलग फरशीवर बसू शकेल का, हे त्या वेळी गॅसपाशी दुसरे कोणी उभे आहे का, यावर ठरते.