लांब पल्ल्याचे काडतूस : पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या रायफल नेमबाजीचा नावलौकिक .२२ बोरच्या (बोर म्हणजे नळीचा आतला व्यास, येथे इंचात) काडतुसावर उभा आहे. तेजस्विनी सावंत यांचे २०१० मधील म्युनिकचे विश्वविजेतेपद आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांचे २०२४ मधील पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक, ही दोन्ही यशे याच इंचभर काडतुसाने ५० मीटरवर मिळवलेली आहेत. त्यामुळे ३०० मीटर किंवा हजार यार्डांसाठी काडतूस कोणते घ्यावे, असा विषय निघाला की ‘जितके मोठे तितके चांगले’ असे सहज म्हटले जाते. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

.२२ चे काडतूस हातात घेतले की शिशाच्या उघड्या गोळीवरचे मेण बोटांना लागते. गोळीचे वजन ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम असते. स्पर्धेच्या काडतुसात तिचा वेग मुद्दामच सेकंदाला सुमारे ३२५ मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा किंचित कमी ठेवतात. कारण आवाजाच्या वेगाची सीमा ओलांडताना गोळी डगमगू शकते, आणि ५० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. लांब पल्ल्याची अडचण हीच, पण उलट बाजूने येते : तेथे गोळी लक्ष्य गाठेपर्यंत आवाजाहून वेगवानच राहिली पाहिजे.

१८७४ साली न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर येथे अमेरिकी संघाने आयरिश संघाला ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी हरवले, तेव्हा ८०० ते १००० यार्डांवर काळ्या दारूने शिशाच्या जड गोळ्या झाडल्या जात होत्या. १८८४ मध्ये पॉल व्हिएय यांनी फ्रान्समध्ये धूरविरहित दारू तयार केली आणि वेग एकदम वाढला. पुढे फ्रेंच लष्कराने १८९८ मध्ये टोकदार आणि मागे निमुळती होत गेलेली गोळी आणली. माझ्या मते या कथेतील खरे वळण हेच आहे, कारण नुसता वेग मिळवण्यापेक्षा तो टिकवणे येथून महत्त्वाचे ठरले.

सिएरा या अमेरिकी गोळी-उत्पादक कंपनीची १६८ ग्रेनची प्रसिद्ध गोळी १९५९ मध्ये ३०० मीटरच्या स्पर्धेसाठी घडवली गेली होती. .३०८ विंचेस्टर या काडतुसातून तीच हजार यार्डांवर झाडणाऱ्यांना शेवटच्या टप्प्यात ती अस्थिर होत असल्याचा अनुभव आला. दोष गोळीचा नव्हता. ती ज्या अंतरासाठी केली होती, त्याच्या फार पलीकडे वापरली जात होती.

त्यानंतरची वाटचाल लहान व्यासाकडे झाली. ३०० मीटरवर ६ मिलिमीटर बीआर नॉर्मा या काडतुसाने जम बसवला. पूर्वीच्या थ्री पोझिशन (झोपून, गुडघ्यावर आणि उभे राहून) स्पर्धेत एका नेमबाजाला १२० गोळ्या झाडाव्या लागत, आणि शेवटच्या वीस गोळ्यांपर्यंत खांद्याने साथ द्यायची तर धक्का कमी असणे फार मोलाचे होते. हजार यार्डांसाठी २००७ मध्ये ६.५ क्रीडमूर हे ६.५ मिलिमीटरचे काडतूस आले. लांब, सडपातळ गोळीचा हा गुण १८९४ पासूनच्या स्वीडिश ६.५×५५ काडतुसात मुळातच होता.

भारतात या निवडीला कायद्याचीही चौकट आहे. .३०३ हा लष्करी बोर सामान्य परवानाधारकाला वर्ज्य असल्यामुळे पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने नागरिकांसाठी .३१५ बोरची रायफल बनवली. मात्र तिची जड, बोथट गोळी शिकारीच्या अंतरासाठी आहे, हजार यार्डांसाठी नव्हे. शिवाय ३०० मीटरची रायफल स्पर्धा १९७२ नंतर ऑलिंपिकमध्ये राहिली नाही. म्हणून कोल्हापूरच्या मुलाच्या हाती आजही पहिले काडतूस .२२ चेच येते, आणि ‘हा लॉट (एकाच खेपेत बनलेली काडतुसे) माझ्या नळीला जुळतो का?’ हा काडतूस निवडीचा पहिला प्रश्न तो त्यावरच शिकतो.