रावेरच्या केळीचे पाणी मुरते कुठे?

जळगाव जिल्ह्यातला रावेर तालुका समजून घ्यायचा तर उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत यावे. वर पालचे जंगल आणि सातपुडा, खाली तापी आणि मध्ये नदीकडे कललेली सपाटी. पलीकडे पूर्वेला बऱ्हाणपूर, पश्चिमेला यावल. तालुक्याचा पैसा या सपाटीवर उभा आहे आणि तो केळीचा आहे. सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवरून वॅगनी भरून केळी उत्तरेत गेली. कापणीच्या टोळ्या, मालट्रक, खतांची दुकाने, सगळे घडाच्या भावाकडे डोळे लावून असतात. पायथ्याच्या तडवी आणि पावरा वस्त्यांतल्या अनेक घरांची चूलही बागेतल्या मजुरीवर पेटते.

आता पाण्याचा हिशेब पाहू. 5 बाय 5 फुटांवर लावलेल्या एका एकरात सुमारे 1740 झाडे बसतात. मे महिन्याच्या उन्हात निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या, झाडाला ठिबकने दिवसाला 20 लिटर तरी पाणी लागते. म्हणजे एकरी रोज 35 हजार लिटर आणि एकट्या मे महिन्यात जवळपास 11 लाख लिटर. 700 मिलिमीटर पाऊस धरला तर त्याच एकरावर वर्षभरात पडणारे पाणी 28 लाख लिटर, आणि त्यातले बरेचसे उडून किंवा वाहून जाते. शेतावर पडलेल्या पावसावर केळी निघत नाही. तिला डोंगरावर पडलेले पाणी लागते.

ते पाणी जमिनीत उतरते सातपुड्याच्या पायथ्याच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात. भूवैज्ञानिक त्याला बझाडा म्हणतात. सुकीसारख्या नद्या डोंगरातून जोरात उतरतात. पायथ्याशी उतार एकदम कमी झाला की पाण्याचा जोर ओसरतो. मग आधी मोठे धोंडे पडतात, पुढे गोटे, त्यापुढे वाळू, आणि बारीक गाळ तापीपर्यंत जातो. प्रत्येक नाल्याने अशी भर पंख्याच्या आकारात पसरली, पंखे एकमेकांना भिडले आणि सलग पट्टा तयार झाला. तापीचे खोरे भ्रंशांच्या, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगांच्या, बाजूने खचलेले असल्याने भर साचायला खोल जागाही मिळाली.

या पट्ट्यातल्या न बांधलेल्या विहिरीत डोकावले तर हे थर नजरेला पडतात. वर हातभर माती, मग पिवळट चिकण थर, त्याखाली नारळाएवढे गुळगुळीत गोटे आणि त्यांच्या फटीत रेती. पाणी या फटींतून चालते. मधला चिकण थर मात्र ते अडवतो, म्हणून शेजारच्या दोन विहिरींना सारखे पाणी लागत नाही.

ट्यूबवेल घेताना हेच गोटे त्रास देतात. भोक ढासळते, म्हणून केसिंग, म्हणजे आधाराचा पाइप, घालावेच लागते. जाळीदार पाइपाच्या चिरा रेतीपेक्षा मोठ्या असल्या, किंवा भोवती बारीक खडीचे भरण नीट झाले नाही, तर मोटार वाळू ओढते आणि पंपाचे पंखे झिजतात. पातळी खाली गेली की खोली वाढवायची, हा उपाय एका हंगामापुरता चालतो. खालचे पाणी शेजाऱ्याचेही असते. रावेर आणि यावल हे तालुके केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनात अतिशोषित, म्हणजे मुरते त्याहून जास्त उपसा होणारे, ठरलेले आहेत. ठिबकने पाणी वाचते हे खरे, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर केळी लावली तर उपसा तेवढाच राहतो.

पुनर्भरण, म्हणजे पाणी पुन्हा जमिनीत मुरवणे, करायचे ते या गोट्यांच्या पट्ट्यात, नाल्याच्या पात्रातच. खाली तापीकाठच्या चिकण मातीत खड्डा खणला तर पाणी आठवडाभर नुसते उभे राहते आणि उन्हाने आटते. पायथ्याशी बांधलेला बंधाराही दोन-तीन पावसाळ्यांत निकामी होऊ शकतो, कारण तळाला बसलेला चार बोटे गाळ पुरेसा असतो. वरून बंधारा भरलेला दिसतो आणि खाली थेंब उतरत नाही. एप्रिल-मेमध्ये पात्र कोरडे असताना तो गाळ खरवडून, खालचे गोटे उघडे पडेपर्यंत काढायला हवा. हा गाळ बरड रानात टाकायला उत्तम.

विहिरीत पाणी सोडायचे असेल तर दोन खड्डे करावेत. पहिल्यात गढूळ पाणी थांबून गाळ खाली बसतो. दुसऱ्यात तळाला मोठे दगड, त्यावर खडी आणि सर्वांत वर जाड वाळू. वाळू वरच हवी, म्हणजे गाळ तिच्यावर अडतो आणि वरचा थर काढून नवा घालता येतो. उलटे भरले तर गाळ दगडांत शिरतो आणि सगळा खड्डा उपसावा लागतो. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेरच जाऊ द्यावे, आणि केळीच्या बागेतून खत-औषध घेऊन आलेले पाणी विहिरीत कधीच घेऊ नये, कारण त्याच विहिरीचे पाणी घरोघर पितात.

उपयोग झाला की नाही हे दोरीने कळते. दगड बांधलेली दोरी मे अखेरीस आणि ऑक्टोबर अखेरीस, मोटार रात्रभर बंद ठेवून, पहाटे विहिरीत सोडायची. काठापासून पाणी किती फुटांवर लागले ते तारखेसह वहीत लिहायचे. तीन वर्षांच्या मे महिन्यांचे आकडे शेजारी ठेवले, आणि त्या वर्षांचा पाऊस बाजूला मांडला, की पाणी चढते आहे की उतरते आहे ते दिसते.