स्पॅनिश क्रियापदातला 'ओ' मधेच 'वे' का होतो?

स्पॅनिश शिकायला लागलं की काही दिवसांतच एक गोष्ट डोकं खाते. 'पोदेर' म्हणजे शकणे, मग मी शकतो म्हणजे 'पोदो' असायला हवं ना, पण ते असतं 'प्वेदो', आणि आम्ही शकतो म्हटलं की परत 'पोदेमोस', म्हणजे गेलेला 'ओ' परत आला! पुस्तकात याला अनियमित क्रियापद म्हणतात आणि पाठ करायला लावतात. मला हे खरंच पटत नाही, कारण यात नियम आहे आणि तो फार सुंदर आहे.

शब्द तोडून मोठ्याने बोलून बघा. प्वे-दो, जोर पहिल्या तुकड्यावर. पो-दे-मोस, जोर सरकून मधल्या 'दे' वर गेला. लॅटिनमधल्या ऱ्हस्व 'ओ' वर जिथे जोर पडत राहिला तिथे तो शेकडो वर्षांच्या बोलण्यात ताणला गेला आणि फुटून 'वे' झाला, जिथे जोर नव्हता तिथे जसाच्या तसा राहिला. ऱ्हस्व 'ए' चं आणि बोलण्यात त्याच्यासारखाच झालेल्या 'आए' चंही तेच, म्हणून केरेर (हवं असणे) चं मला हवंय होतं 'क्येरो' आणि आम्हाला हवंय 'केरेमोस'. मग कोर्रेर, म्हणजे धावणे, त्याचं 'कोर्रो' च का राहतं? कारण तिथला 'ओ' मुळात लॅटिनमध्ये 'उ' होता, तो फुटणाऱ्यातला नव्हताच.

आणि हे फक्त क्रियापदात नाही हां. सात म्हणजे 'स्येते' पण सत्तर 'सेतेन्ता', नऊ 'न्वेबे' पण नव्वद 'नोबेन्ता', दार 'प्वेर्ता' पण दारवान 'पोर्तेरो' (फुटबॉलमधल्या गोलकीपरलाही हेच म्हणतात). शेपूट लागलं, जोर पुढे सरकला, स्वर मिटला. आपल्याकडे फूल चं फुलाला, मीठ चं मिठात होतं ना, कारण वेगळं आहे पण शेपूट लागलं की आतला स्वर बदलतो हे आपल्या कानाला ओळखीचं आहे, त्यामुळे मराठी माणसाला हे जड जायला नको.

जोराने अर्थही बदलतो. 'आब्लो' मध्ये जोर 'आ' वर असेल तर मी बोलतो, 'ब्लो' वर असेल तर तो किंवा ती बोलली, आणि तेव्हा लिहिताना शेवटच्या 'ओ' वर तिरकी रेघ द्यावीच लागते. कारण स्वर, न किंवा स ने संपणाऱ्या शब्दात जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर धरायचा असा नियम आहे, आणि तो मोडला की रेघ. 'दामे' म्हणजे मला दे, त्याला रेघ लागत नाही, पण 'दामेलो' (मला ते दे) झालं की जोर 'दा' वरच राहतो, शब्द मात्र लांबतो, म्हणून तिथे रेघ येते.

पाठ करावं लागतं ते वेगळंच. 'काम्ब्यार' (बदलणे) चं काम्-ब्यो, दोनच तुकडे, पण तसंच दिसणाऱ्या 'एन्ब्यार' (पाठवणे) चं एन्-बी-ओ, तीन. हे कानानेच बसतं, शॉर्टकट नाही.

फुटणाऱ्या स्वराचा नियम किती पक्का आहे ते बघायचं तर अर्जेंटिनाचं बोलणं ऐका. माद्रिदमध्ये तू शकतोस ला 'प्वेदेस' म्हणतात. ब्वेनोस आयरेसमध्ये 'तू' साठी 'बोस' वापरतात आणि त्याच्या क्रियापदात जोर शेवटच्या तुकड्यावर जातो, म्हणून तिथे म्हणतात 'पोदेस'. जोर हलला आणि 'ओ' परत आला.