क्रूझवर कोण कुठे झोपणार, हे आधी ठरवूया

क्रूझच्या बुकिंगला आलेलं कुटुंब बहुतेक वेळा आधी विचारतं, ‘बाल्कनीची खोली कितीला पडेल?’ आम्ही विचारतो, घरी तुम्ही कसे झोपता? लहानगं आईच्या कुशीत झोपतं का? आजोबांना रात्री किती वेळा उठावं लागतं? कोण घोरतं? हे सगळं मोकळेपणाने सांगा. बोट भरलेली असली, तर निघाल्यावर खोली बदलून मिळत नाही. रात्रीची झोप बिघडली की बाल्कनीतून दिसणाऱ्या समुद्राचाही आनंद उरत नाही.

मोठ्या बोटींवरची बिनखिडकीची केबिन साधारण १५० चौरस फुटांच्या आसपास असते, म्हणजे १५ बाय १० फूट. त्यातच बाथरूम आणि कपाट आलं. घरी हॉलमध्ये खडूने तेवढा चौकोन आखा आणि सगळ्यांनी पाच मिनिटं त्यात उभं राहून बघा. बॅगा मात्र पलंगाखाली सरकतात, त्यांची काळजी नको.

‘एक जादा गादी टाकून द्या, आम्ही भागवून घेऊ’ हे हॉटेलात चालतं, बोटीवर नाही. प्रत्येक केबिनमध्ये किती माणसं राहतील हे ठरलेलं असतं आणि त्या आकड्याचा संबंध लाइफबोटीतल्या जागांशी असतो. म्हणून कडेवरचं बाळसुद्धा एक माणूस म्हणून मोजलं जातं. चार जणांच्या केबिनमध्ये चौघं आणि एक तान्हं बाळ बसत नाही. कित्येक कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला बोटीवर घेतच नाहीत, आणि लांबच्या सफरीला ही मर्यादा एक वर्षाची असू शकते. पाळणा हवा असेल तर बुकिंग करतानाच सांगा. पाळणे मोजके असतात, आणि तो ठेवल्यावर खोलीत चालायला वाट फारशी राहत नाही.

तिसरा आणि चौथा कुठे?

बहुतेक केबिनमध्ये दोन सिंगल पलंग असतात आणि ते जोडून डबल करता येतात. जोडलेल्या गाद्यांमध्ये फट राहते. मूल मध्ये झोपणार असेल, तर फटीवर जाड रजई अंथरून द्यायला स्टुअर्डला, म्हणजे खोली आवरणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगा. तिसऱ्या-चौथ्यासाठी एकतर सोफा उघडून पलंग होतो, नाहीतर भिंतीतून किंवा छतातून बर्थ खाली येतो. याला पुलमन बर्थ म्हणतात. रेल्वेचा अपर बर्थ डोळ्यांसमोर आणा, शिडीसकट. रात्री स्टुअर्ड तो उघडून अंथरूण घालून ठेवतो आणि सकाळी पुन्हा मिटतो.

इथे दोन गोष्टी आम्ही आवर्जून सांगतो. वरचा बर्थ उघडला की खालच्या पलंगावर ताठ बसताना डोकं आपटू शकतं. आणि काही केबिनमध्ये दोन्ही वरचे बर्थ वापरले, तर खालचे पलंग जोडता येत नाहीत. नवरा-बायकोला डबल बेड हवा आणि दोन मुलं वर, हे गणित तिथे जमत नाही. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका, आणि साठीच्या काकांना तर नाहीच. लहान मुलं असतील तर आम्ही सोफा असलेली केबिनच शोधतो, मग ती थोडी महाग पडली तरी.

आजी-आजोबांसह सहा जण

अशा वेळी दोन केबिन घ्याव्यात, आणि मध्ये दार असलेल्या, म्हणजे कनेक्टिंग. ‘शेजारी-शेजारी’ म्हणजे कनेक्टिंग नव्हे. शेजारच्या खोलीत जायला बाहेरच्या बोळातून जावं लागतं, रात्री दोन वाजता रडणारं मूल घेऊनही. कागदावर बहुतेक कंपन्यांना प्रत्येक केबिनमध्ये एक प्रौढ लागतो. प्रत्यक्षात कोण कुठल्या खोलीत झोपेल, ते तुम्ही आपसात ठरवता.

एकाच केबिनमध्ये चौघं राहिले तर स्वस्त पडतं, कारण तिसऱ्या-चौथ्याचं भाडं सहसा कमी असतं. मुंबई-गोव्याच्या छोट्या सफरीला ते निभतं. सिंगापूरहून चार-पाच रात्रींची सफर असेल आणि मुलं वयात आलेली असतील, तर दोन केबिन घ्या. दुसरं बाथरूम मिळतं, आणि सकाळी बंदरावर उतरायच्या गडबडीत त्याचं मोल कळतं.

मुंबईहून निघणारी कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट १९९० साली बांधलेली आहे. त्या काळच्या बोटींवर बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच असत, त्यामुळे त्या लवकर संपतात. वळकटी पसरून डेकवर झोपत कोकण बोटीने गावी गेलेले आजोबा सोबत असतील, तर त्यांना ही केबिनही ऐसपैस वाटेल! पण बाथरूमच्या दाराशी उंबरठा असतो आणि रात्री तिथेच पाय अडखळतो. त्यांना बाथरूमच्या बाजूचा खालचा पलंग द्या. बिनखिडकीच्या खोलीत दिवे घालवले की मिट्ट काळोख होतो, म्हणून बॅटरीवरचा छोटा दिवा न्या. एक्स्टेन्शन बोर्ड आणि इस्त्री तपासणीत काढून घेतात.

बोट लागत असेल तर मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन बरी. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. पोहण्याच्या तलावाच्या डेकखाली पहाटेच खुर्च्या ओढल्याचा आवाज सुरू होतो.

‘गॅरंटी’ नावाचं स्वस्त बुकिंग कुटुंबासाठी आम्ही करत नाही. त्यात खोली कंपनी निवडते आणि दोन खोल्या दोन टोकांना येऊ शकतात.

येताना सगळ्यांची वयं लिहून आणा. डेकच्या नकाशावर सोफा, वरचे बर्थ आणि मधलं दार या प्रत्येकाला वेगळी खूण असते. नकाशा तुमच्यासमोर उघडू आणि एकेकाची झोपायची जागा बोट ठेवून दाखवू. पैसे त्यानंतर भरा.