शेलमधला फाइल ब्राउझर आणि ‘सीडी’चा जुना पेच

शेल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, आणि शेल स्क्रिप्ट म्हणजे अशा आज्ञांची फाइल. शे-दोनशे ओळींच्या शेल स्क्रिप्टमध्ये कामापुरता फाइल ब्राउझर, म्हणजे बाणाच्या कळांनी फाइलींच्या यादीत फिरवणारा प्रोग्रॅम, बसतो, याचे श्रेय शेलइतकेच टर्मिनलचेही, म्हणजे ती अक्षरे दाखवणाऱ्या पडद्याचेही, आहे. १९७८ साली आलेला व्हीटी१०० टर्मिनल ‘एस्केप’ या न दिसणाऱ्या अक्षराने सुरू होणारे छोटे संकेत ओळखून कर्सर हवा तिथे नेत असे, ओळ पुसत असे, अक्षरे उलट्या रंगात दाखवत असे. लॅपटॉपवरच्या आजच्या टर्मिनललाही तेच संकेत समजतात. १९८६च्या नॉर्टन कमांडर या फाइल ब्राउझरने डॉसवर दोन याद्या शेजारी शेजारी दाखवणारी दोन कप्प्यांची मांडणी रुळवली आणि १९९४च्या मिडनाइट कमांडरने ती युनिक्सवर आणली, पण हे मोठे प्रोग्रॅम होते.

हलकेपणाची खरी गरज मोडेमच्या काळातली. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा सुरू केल्यावर मुंबईतल्या विद्यार्थ्यांना परवडे ते शेल अकाउंट, म्हणजे डायल-अपवर उघडणारा नुसत्या अक्षरांचा पडदा. सेकंदाला ९,६०० बिटांच्या वेगाने (एका अक्षराला दहा बिट) ८० बाय २४चा भरलेला पडदा, म्हणजे १,९२० अक्षरे, उमटायला दोन सेकंद लागतात. म्हणून बाणाची कळ दाबल्यावर जुनी आणि नवी अशा दोनच ओळी पुन्हा रंगवण्याची शिस्त आजही सोडू नये.

मराठी नावांची अडचण वेगळी. ‘मुंबई’ या नावाची लांबी बॅश हा शेल पाच सांगतो, कारण उकार आणि अनुस्वार तो स्वतंत्र मोजतो. पडद्यावर मात्र घरे तीनच लागतात, आणि लांबीवर विसंबून आखलेला रकाना तिरका होतो.

सर्वांत जुना पेच ‘सीडी’चा, म्हणजे चालू डिरेक्टरी (फोल्डर) बदलणाऱ्या आज्ञेचा. पीडीपी-७ या संगणकावरच्या युनिक्समध्ये ‘फोर्क’, म्हणजे आज्ञेसाठी नवी प्रक्रिया (चालता प्रोग्रॅम) निर्माण करण्याची सोय, आल्यावर डिरेक्टरी बदलणारी आज्ञा अचानक निकामी झाली, असे युनिक्सचे एक निर्माते डेनिस रिची यांनी नोंदवले आहे: ती नव्या प्रक्रियेत चाले, तिथली डिरेक्टरी बदले आणि प्रक्रियेबरोबरच संपून जाई, मूळ शेल होता तिथेच राही. तेव्हा ती आज्ञा शेलच्या पोटात घेऊन प्रश्न सुटला. आपला ब्राउझरही स्वतंत्र प्रक्रियाच असल्याने, बाहेर पडताना तो शेवटची डिरेक्टरी एका तात्पुरत्या फाइलीत लिहून ठेवतो आणि बॅश सुरू होताना वाचतो त्या ‘बॅशआरसी’ फाइलीतले चार ओळींचे फंक्शन ती वाचून ‘सीडी’ करते.