उंदराच्या पिल्लांची भूल आणि बाळाच्या हर्नियाची भूल

भाच्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, पोरगं पाच महिन्यांचं, आणि त्याच रात्री ताईचा फोन, अरे भूल दिली की लहान मुलांच्या मेंदूतल्या पेशी मरतात म्हणे, खरंय का? मी म्हटलं ताई, ते उंदराच्या पिल्लांत दिसलंय, बाळांवरचा अभ्यास वेगळा आहे, फॉरवर्ड फिरता फिरता दोन्हीची खिचडी झालीय.

आधी उंदरांचं. 2003 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी 7 दिवसांच्या पिल्लांना 6 तास भूल दिली, मिडाझोलम, नायट्रस ऑक्साइड आणि आयसोफ्लुरेन एकत्र, म्हणजे थिएटरमध्ये वापरतात तीच औषधं. मेंदूत ठिकठिकाणी पेशी मेलेल्या दिसल्या आणि पुढे ती पिल्लं शिकण्यात मागे पडली. 7 वा दिवसच का, तर उंदरात त्या सुमाराला पेशी एकमेकींशी धडाधड जोडल्या जात असतात, आणि नेमकं तेव्हाच औषधाने सगळ्यांना गप्प केलं की जिला कुणाकडून निरोपच येत नाही अशी पेशी स्वतःला संपवून टाकते. माणसात हीच जोडाजोडी गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांपासून पुढे काही वर्षं चालते, त्यामुळे उंदराचे 6 तास आणि बाळाचे 6 तास सारखे धरता येत नाहीत.

पण उंदीरच तर आहेत म्हणून उडवून लावू नका, प्लीज. 2010 मध्ये 6 दिवसांच्या माकडाच्या पिल्लांना 5 तास आयसोफ्लुरेन दिलं तेव्हाही पेशी मेल्याच. मात्र 2007 च्या केटामाइन या भुलीच्या दुसऱ्या औषधाच्या अभ्यासात माकडाच्या पिल्लांना 24 तास औषध दिल्यावर नुकसान दिसलं, 3 तास दिल्यावर तसं दिसलं नाही. किती वेळ भूल दिली, मला तरी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच वाटतो.

आता बाळं. 7 देशांतली 722 तान्ही बाळं, सगळ्यांचं हर्नियाचंच ऑपरेशन, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एकाला सेवोफ्लुरेनची पूर्ण भूल, दुसऱ्याला जागेपणीच पाठीत इंजेक्शन देऊन फक्त खालचा भाग बधिर. मुलं पाच वर्षांची झाल्यावर बुद्ध्यांक तपासला, 2019 मध्ये निकाल आला, दोन्ही गटांत सरासरी साधारण 99. भूल होती जेमतेम 54 मिनिटांच्या आसपास. आणि इथे मेलेल्या पेशी कुणी मोजल्या नाहीत, मोजणार कशा, उंदराच्या मेंदूचा काप घेता येतो, जित्याजागत्या लेकराचा नाही!

म्हणजे एकीकडे तासन्‌तास भूल आणि पेशींची मोजणी, दुसरीकडे तासाभराची भूल आणि मूल विचार कसं करतं याची तपासणी. प्रश्नच वेगळे, मग एकाचं उत्तर दुसऱ्याला खोटं कसं ठरवेल? अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2016 मध्ये इशारा दिला तोही 3 वर्षांखालच्या मुलांना 3 तासांपेक्षा जास्त किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल होता.

ताईला एवढंच सांगितलं की ऑपरेशन पुढे ढकलू नकोस, तान्ह्या बाळाच्या हर्नियात आतडं अडकलं तर तो धोका आजचा आहे. ज्या लेकरांना पुन्हा पुन्हा टेबलावर जावं लागतं त्यांची गोष्ट वेगळी, 2018 च्या एका अमेरिकन अभ्यासात अशा मुलांचा बुद्ध्यांक ठीक होता पण कामाचा वेग आणि हाताची बारीक कामं थोडी कमी पडली, आता हे भुलीमुळे की मुळातल्या आजारामुळे हे त्यातून वेगळं काढता येत नाही. अशा आईबापांनी भूलतज्ज्ञांना जरूर विचारावं, दोन प्रोसिजर एकाच भुलीत होतील का?